नंद्याचा उजवा कान

मी लाकडाचा नंदी बोलतोय. तान्ह्या पोळ्याला लेकरं दोरी बांधून रस्त्याने ओढत नेतात ना, त्यातलाच मी. चार चाकं, दोन शिंगं, पाठीवर वशिंड, गळ्यात एक घुंगरू. तोंड आहे, पण ते सुताराने नुसतं कोरलेलं, उघडत नाही. तरी आज बोलायला बसलोय. पोटात बरेच दिवस काहीतरी जळतंय, आणि लाकडाच्या पोटात जळणं बरं नव्हे.

माझा जन्म दरेकसाचा. तिथे शालीकराम नावाचे सुतार राहतात. नवेगाव बांधचे भोजराज तिकडे नात्यातल्या लग्नाला गेले होते. परत निघताना ते शालीकरामांच्या अंगणात आले आणि म्हणाले, "पोरीसाठी एक बैल पाहिजे."

"पोरीले बैल?" शालीकराम हसले. "बाहुली न्या ना भाऊ."

"बाहुल्या हायेत तिच्याजवळ. मागच्या साली पोरायच्या मागं धावधावून रडली. बैलच पाहिजे म्हनते."

मग शालीकरामांनी शिवणीचं लाकूड घेतलं. पाय झाले, शिंगं झाली, कान सगळ्यात शेवटी केले. बराच वेळ लावला. भोजराजांची गाडीची घाई सुरू झाली तेव्हा म्हणाले, "थांबा जरासे. नंदीचा कान नीट पाहिजे, नाही त देव बहिरा होते."

हे वाक्य मी जन्मतःच ऐकलं. तेव्हापासून कानाचा मला फार अभिमान. खरं सांगायचं तर ऐकायची मला खोडच लागली. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाच्या सुनेचं सासूशी वाजलं, कोणाचं लग्न जुळता जुळता मोडलं, सगळं मला ठाऊक असतं. सांगत मात्र कोणालाच नाही. आमच्या गल्लीत असा एवढा एकच जण, तो म्हणजे मी.

भोजराजांची धाकटी मुलगी पुष्पांजली. तेव्हा सहा वर्षांची. तिची आई चंद्रकांताबाई तिला घेऊन महादेवाच्या देवळात जायची आणि सांगायची, "देवाले थेट नाही मागाचं. नंदीच्या कानात सांगाचं. दुसरा कान हातानं झाकाचा, नाही त गोष्ट इकडून जाते अन् तिकडून निघून जाते."

पोरीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नंदी त आपल्या घरी हाय. मंग देवळात कायले जाऊ?"

त्या दिवसापासून माझा डावा कान झाकायचा आणि उजव्यात सांगायचं, असं सुरू झालं. सतराचा पाढा मी तिच्याबरोबर पाठ केला. पाटी कोणी फोडली, कैरी कोणी चोरली, हे मलाच पहिल्यांदा कळलं. तिच्या बोटांनी अन् ओठांनी माझ्या उजव्या कानाचा रंग पार उडाला. डावा कान अजून हिरवा आहे, उजवा गुळगुळीत, लाकडाच्या रंगाचा. लोकांना वाटतं रंग कच्चा होता. वाटू द्या.

पुढे ती गोंदियाला कॉम्प्युटर शिकायला गेली. मीही गेलो, पेटीत कपड्यांखाली. मग नागपूरच्या एका कंपनीत लागली. कोरोनात सगळे घरी परतले तशी तीही परतली, आणि कंपनीने सांगितलं की काम होतंय ना, मग बस तिथेच. समोरच्या खोलीत खिडकीजवळ मेज लागलं. मेजावर लॅपटॉप आणि लॅपटॉपच्या उजव्या हाताला मी. खिडकीतून धानाच्या बांधी, म्हणजे भाताचे बांध घातलेले तुकडे, दिसायच्या, रस्ता दिसायचा. मला आणखी काय पाहिजे?

ती प्रोग्राम लिहायची. शाळांचे निकाल लावणारे. प्रोग्राम म्हणजे काय, तर यंत्राला एकेक पायरी सांगणं: आधी हे कर, मग ते कर, असं असलं तर इकडे जा, नसलं तर तिकडे. यंत्र फार आज्ञाधारक, आणि तेवढंच बिनडोक. एक पायरी चुकली की सगळं कोलमडतं. मग पुष्पांजली केस मागे बांधायची, खुर्ची माझ्याकडे वळवायची, डावा कान झाकायची.

"ऐक बे नंद्या. चाळीस पोरं हायेत. पहिल्यापासून एकेकाचा निकाल काढते. यादी संपली की थांबते. तरी शेवटचं पोरगं दोनदा येऊन राहिलं. काऊन? मी मोजनं सुरू कुठून केलं? शून्यापासून. अन् थांबली कुठं? चाळीसवर... अगो माय!"

कपाळावर हात मारायची, फिरायची, एक आकडा बदलायची, की झालं. जाता जाता माझ्या वशिंडावर थाप. "हुशार हाय माझा नंद्या!"

मी काहीच केलेलं नसायचं. नुसतं ऐकलेलं असायचं. पण थाप मिळाली की आपल्यालाही वाटू लागतं, बाबा, आपणच सोडवलं. पाच वर्षं तिच्या सगळ्या प्रोग्रामांत आपला अर्धा वाटा आहे, असं मी मनात धरून बसलो होतो.

भोजराज दारातून डोकावून म्हणायचे, "इंजिनेर झाली अन् बैलाशी बोलून राहिली."

चंद्रकांताबाई चुलीजवळून उत्तर द्यायच्या, "बोलू द्या. तुमच्याशी बोलली त तुम्ही तिचं पुरं व्हायच्या आधीच सल्ला देता."

ही गोष्ट ध्यानात ठेवा. मला तेव्हा तिची किंमत कळली नव्हती.

मागच्या वर्षी घरात तो आला. सवत म्हणता येत नाही, कारण मी बैल. पण दुसरा शब्द मला सापडत नाही. पुष्पांजलीचे साहेब प्रफुल सर फोनवर म्हणाले, आता सगळ्यांनी एआय वापरायचं, टीम लहान होतेय, पाच जणांचं काम दोघांत करायचं. त्या दोघांत आपलं नाव आहे, हे ऐकून ती हसली, आणि उरलेल्या तिघांची नावं बोटांवर मोजू लागली.

दुसऱ्या दिवशी तिने लॅपटॉपवर त्याला चार ओळी लिहून पाहिल्या. चहावर साय यायच्या आत त्याने शंभर ओळींचा प्रोग्राम लिहून दिला. चालवला, चालला. पुष्पांजलीने लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. माझ्या कानाच्या शेजारी.

मी त्याला नीट न्याहाळलं. शेजारी नवं बिऱ्हाड आलं की आपण नाही का बघत, सामान काय आणलं, पडदे कसे लावले? तसंच. त्याला चेहरा नाही. शिंगं नाहीत. कान तर नाहीतच. पण बोलायला हा एवढा! तिने काही विचारलं की आधी तिची तारीफ करणार: छान प्रश्न आहे. पंचवीस वर्षांत मी तिला एकदाही असं म्हटलं नाही. मला वाटायचं, हे न बोलता कळतं. दमणं त्याला ठाऊक नाही, कंटाळा नाही, आणि 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून क्वचितच निघायचे. बरं, चुकलं तरी लगेच माफी मागून मोकळा. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

हळूहळू खोलीतला आवाज बंद झाला. ती आता बोलत नव्हती, लिहायची. तेही अर्धंच. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचं उत्तर सुरू. आधी ती दिवसभर लिहायची आणि तासभर वाचायची. आता तो लिहायचा, आणि ही दिवसभर त्याचं लिहिलेलं वाचायची.

एकदा आईला म्हणाली, "आधी मी स्वयंपाक करत होती. आता नुसती चव पाहून राहिली."

"मीठ कोनं टाकलं, किती टाकलं, हे ठाऊक असू दे म्हंजे झालं," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

माझ्या जळण्यातही एवढं कबूल करतो, की त्याच्यामुळे तिचं वाकून बसणं कमी झालं. जेवण वेळेवर होऊ लागलं. नवेगाव बांधात तिच्या कामातलं विचारायला एक माणूस नव्हता; आता काहीही विचारता येत होतं. ती नवं शिकत होती. चेहरा उजळला होता. हेच तर मला जास्त लागलं. ती सुकली असती, रडली असती, तर मी मोठ्या मनाने माफ केलं असतं.

मग मेजावर दुसरा पडदा आला आणि माझी जागा गेली. मला कपाटावर चढवलं. तिथे दोन महिने होतो. माझ्या शिंगांना चार्जरची वायर गुंडाळून ठेवायचे. ज्याच्या कानात घरातली सगळी गुपितं, त्याची ही दशा.

आणि एक दिवस दवनीवाड्याहून पुष्पांजलीच्या मोठ्या बहिणीचा, अंजूचा, फोन आला. तिची मुलगी रुची पाच वर्षांची. तान्ह्या पोळ्यासाठी तिला बैल हवा होता.

चंद्रकांताबाई म्हणाल्या, "अवो, नंद्या हाय ना! आता कोन खेळते त्याच्याशी? पोळ्याले आली की घेऊन जा. काऊन वो पुष्पे, देऊन टाकू ना?"

पुष्पांजली पडद्याकडे बघत म्हणाली, "हं. देऊन टाक."

एवढंच. एका 'हं'मध्ये पंचवीस वर्षं गेली. त्या दिवशी मी मनापासून एक वाईट गोष्ट चिंतली. म्हटलं, एकदा तरी त्याच्यामुळे हिचं चुकावं. सगळ्यांसमोर चुकावं. नंदीच्या तोंडी शाप शोभत नाही, पण मी तो घातला.

आता बोडीची गोष्ट सांगायला हवी. आमच्या टोलीपलीकडे, म्हणजे वस्तीपलीकडे, एक जुनी बोडी आहे, म्हणजे लहान तलाव. भोजराजांच्या कोहळी पूर्वजांनी खोदलेली; तलाव बांधणं हा कोहळी समाजाचा वारसाच. तिच्या पाण्यावर चाळीस घरांचा धान पिकतो. पाऊस पंधरा दिवस दडी मारतो तेव्हा बोडीचं तुडूम उघडतात, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, आणि पाळीने पाणी देतात. कोणाला आधी, कोणाला नंतर, किती वेळ, हे तीस वर्षं एकच माणूस ठरवत आला: बकाराम काका. ते गावाचे पाणकर. ना कागद, ना घड्याळ. बांधीत पाय घालायचे आणि सांगायचे. त्यांच्या शब्दावर भांडण होत नसे.

पण यंदा काकांचे गुडघे गेले. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालता येईना. त्यांच्यामागे कोण? दोघातिघांची नावं निघाली आणि नावं निघताच भांडणं निघाली. भोजराज पाणी सोसायटीचे सचिव. ते बैठकीत बोलून गेले, "माझी पोरगी प्रोग्राम बनवून देईल. मोबाइलवर पाळी येईल. यंत्र कोनाचं सगंसोयरं नाही."

लोकांनी मान हलवली. भोजराजांची मान मात्र त्या शब्दात अडकली.

पुष्पांजलीने ते काम मनावर घेतलं. चाळीस नावं, कोणाची किती जमीन, तुडुमापासून किती दूर, सगळं गोळा केलं. त्याला सांगितलं. तिच्या चार ओळी होतात न होतात तोच त्याने पाळीपत्रक बनवून दिलं. रंगीत. नकाशासकट. कोणाला किती तास हे मिनिटापर्यंत. पत्रक सुंदर होतं, हे मला कपाटावरूनही दिसत होतं, आणि म्हणून मी जास्तच जळालो.

पहिल्या पाळीच्या सकाळी पाणी सुटलं. दुपारी मी खिडकीतून पाहिलं तर बांधीच्या धुऱ्यावर माणसं गोळा झालेली, मधोमध वरच्या बांधीचा लीलाधर हातवारे करत उभा.

झालं होतं असं. पत्रक असं धरून चाललं होतं की पाटाचं पाणी प्रत्येकाच्या शेतात वेगळं जातं. बाहेर कुठे जात असेल. आमच्याकडे पाणी बांधीतून बांधीत उतरतं. वरच्याचं भरलं की धुरा फोडून खालच्याकडे. आणि आमच्याकडे हे लेकरालाही ठाऊक आहे की ज्याने नुकतंच खत टाकलं, त्याच्या बांधीतून तीन दिवस पाणी न्यायचं नाही. लीलाधरने आदल्या दिवशीच खत टाकलं होतं. पत्रकाने त्याच्या बांधीतून पाणी खालच्या नंदलालच्या बांधीत नेलं. सोबत खतही गेलं.

संध्याकाळी भोजराजांच्या घरापुढच्या छपरीत बैठक बसली. कपाटावरून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"माझं खत नंदलालच्या धानाले!" लीलाधर ओरडला. "बकाराम काकानं तीस वर्षांत असं केलं काय?"

"मले त चालते," नंदलाल म्हणाला. "पुढची पाळी बी मशीनच्याच हातानं द्या. अन् लीलाधर भाऊ, यावेळी जरासं चांगल्या कंपनीचं टाकजो."

सगळे हसले. हसले नाहीत ते तिघं: लीलाधर, भोजराज, आणि दाराशी उभी पुष्पांजली.

शेवटी ठरलं असं: आठ दिवसांनी दुसरी पाळी. ती नीट झाली तर पत्रक राहील. पुन्हा चुकलं तर पत्रक बंद, भोजराजांचं सचिवपद बंद, आणि ज्याच्या हातात फावडं त्याचं पाणी. शेवटचा पर्याय कसा असतो, हे टोलीतल्या म्हाताऱ्यांना आठवत होतं.

सगळे गेल्यावर भोजराज मुलीला एवढंच म्हणाले, "तुले हे ठाऊक नव्हतं काय वो बाई? कोहळ्याची पोरगी तू. बांधीत वाढली."

रागावले असते तर बरं झालं असतं. माझा शाप फळला होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण पुष्पांजलीचा चेहरा पाहिला आणि लाकूड असून मला घाम फुटल्यासारखं झालं. आपलंच माणूस पडावं म्हणून मी पाय आडवा घातला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉपसमोर बसली. त्याला चूक सांगितली. त्याने माफी मागितली, दुरुस्त केलं, आणि विचारलं: आणखी काही नियम असल्यास सांगा. तिने हात कीबोर्डवर ठेवले आणि तसेच ठेवून बसली. आई चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, "आई, तो विचारून राहिला आणखी काय सांगायचं हाय. मी काय सांगितलं नाही, तेच मले माहीत नाही."

"मंग ज्याले पहिले सांगत होती त्याले सांग," चंद्रकांताबाई म्हणाल्या, आणि चहा ठेवून गेल्या.

ती उठली. कपाटाशी आली. माझ्या शिंगांची वायर सोडली, पदर नव्हता म्हणून ओढणीने धूळ पुसली. खाली घेतलं. मेजावर ठेवलं. हाताने डावा कान झाकला.

"ऐक बे नंद्या. बोडीत पाणी हाय. बकाराम काका तुडूम उघडतात. पाणी पाटानं येते, पहिल्या बांधीत जाते. मंग काका काय करतात? धुऱ्यावर बसतात. काऊन बसतात? पाणी भरेपर्यंत. मंग पाय घालतात. काऊन घालतात?" ती थांबली. "काऊन पाय घालतात, नंद्या? मी लहानपनापासून पाहिलं. कधी विचारलंच नाही."

तिने कपाळावर हात मारला नाही. यावेळी उत्तर तिच्यात नव्हतंच. पण ते कुठे आहे हे तिला कळलं. तिने मला पिशवीत घातलं आणि थेट बकाराम काकांच्या घरी गेली.

काका खाटेवर पाय लांब करून बसले होते. तिने विचारलं, "काका, पाळीचं सगळं सांगा ना. मी लिहून घेते."

"ते सांगता नाही येत, बेटा. पानी पाहिलं की समजते."

"पन काय पाहता तुम्ही?"

"पानी," काका म्हणाले आणि गुडघा चोळू लागले. हातात वही धरलेल्या शिकलेल्या मुलीपुढे त्यांना संकोच वाटत होता. तिने दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. काका गुडघाच चोळत राहिले.

मग तिने वही बंद केली. पिशवीतून मला काढलं आणि त्यांच्यापुढे खाटेवर ठेवलं. "मले नका सांगू. ह्याले सांगा. मी तिकडे तोंड करून बसते. फोन इथं ठेवते, तो लिहून घेईल. चालते ना?"

काकांनी मला उचलून पाहिलं. "हा त दरेकसाचा दिसते. कान पाय हायेत चांगले." हसले. पण मग त्यांचा चेहरा बदलला. महादेवाच्या देवळात बदलतो तसा. त्यांनी आपला रापलेला, भेगाळलेला तळवा माझ्या हिरव्या कानावर ठेवला आणि उजव्या कानाशी वाकले.

काय सांगू तुम्हाला! तीस वर्षांचं पाणी माझ्या कानात उतरलं. खताच्या बांधीतून तीन दिवस नेऊ नये. काल रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, झाला असेल तर तिथे हळू सोडावं, नाहीतर रोपं तरंगतात. पाय का घालायचा? माती पायाला चिकटली तर अजून पाणी नको, निसटली तर पाहिजे. टोलीखालच्या सहा बांधी मुरमाड, त्यांना इतरांच्या दुप्पट. पश्चिमेच्या धुऱ्याला खेकड्यांची बिळं, तिथे दिवसाच पाणी द्यावं, म्हणजे गळती दिसते. घरात सुतक असलं तर पाळी चुकवायची नाही, शेजाऱ्याने पाणी वळवायचं. शेपटाकडच्याला, म्हणजे तुडुमापासून सगळ्यात दूरच्याला आधी, डोक्याकडच्याला नंतर. कारण डोक्याकडचा कसंही करून घेतोच.

काका तासभर बोलले. मध्ये एकदाही कोणी त्यांना तोडलं नाही, छान म्हटलं नाही, सल्ला दिला नाही.

शेवटी ते थांबले. फोनकडे पाहिलं. पुष्पांजलीच्या पाठीकडे पाहिलं. मग इतकं जवळ आले की त्यांची मिशी कानाला लागली, आणि एक गोष्ट अगदी हळू सांगितली. ती फोनला ऐकू गेली नाही. पुष्पांजलीलाही नाही.

घरी आल्यावर तिने सगळं त्याला दिलं, नीट, शेवटपर्यंत. आणि मान्य करायला हवं, त्याने नवं पत्रक दुपारच्या जेवणाआधी उभं केलं. तिला एकटीला आठ दिवस पुरले नसते. तिने पत्रक ओळ न् ओळ वाचलं. दोन जागी स्वतः बदललं. मग छापून काकांकडे नेलं. काकांनी ते उलटं धरलं, सुलटं केलं, आणि पुष्पांजलीला मोठ्याने वाचायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "हो. असंच करत होतो मी. मलेच आता समजलं."

दुसरी पाळी झाली. कोणी धुऱ्यावर गोळा झालं नाही. संध्याकाळी नंदलाल येऊन खोट्या रागाने म्हणाला, "यावेळी काहीच आलं नाही वाहून. मशीन बिघडलं काय?" लीलाधरच त्याच्यावर सगळ्यात मोठ्याने हसला.

भोजराजांचं सचिवपद राहिलं. माझं काय? पोळा चार दिवसांवर आला होता आणि अंजूला दिलेला शब्द होताच. चंद्रकांताबाईंनी मला धुतलं, शिंगांना नवा रंग लावला. मी मनाची तयारी करत होतो. पुष्पांजली कामात होती, आईला नाही कसं म्हणावं तेही तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात बकाराम काका काठी टेकत आले. दोन पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली. मला पिशवीत बांधलेलं पाहून विचारलं, "ह्याले कुठं धाडून राहिले?"

"दवनीवाड्याले. नातीसाठी."

"नाही." काका तिथेच बसले. "माझं सारं ह्याच्या कानात हाय. बैल सोसायटीचा हाय. ह्याले गावाबाहेर धाडाल त उद्या भांडन झाल्यावर कोनाले इचारान?"

"कोनाले म्हंजे? मशीनले," भोजराज हसत म्हणाले.

"मशीनले सारं नाही सांगितलं मी," काका म्हणाले, आणि पिशवीची गाठ सोडू लागले.

दुसऱ्या दिवशी भोजराज दरेकसाला जाऊन आले. शालीकराम आता म्हातारे झालेत, पण कान अजून स्वतः कोरतात. रुचीला नवा नंदी मिळाला. आणि मी मेजावर, लॅपटॉपच्या उजव्या हाताला, जुन्या जागी. दुसरा पडदा थोडा सरकावला गेला.

तुम्हाला वाटेल, झालं, जिंकला बैल, आता शांत असेल. नाही हो. परवाच पुष्पांजलीने त्याला लिहिलं: मी संपलं म्हणेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. आणि तो गप्प बसला! ती मधे मधे लिहीत होती, थांबत होती, आणि तिकडून उत्तराचा एक शब्द नाही. पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकत होती. बोलता येत होतंच मेल्याला, आता ऐकायलाही शिकला. उद्या कान फुटले तर?

अर्ध्यातच ती अडली. रेघ लुकलुकत राहिली, वाट पाहत. पुष्पांजलीने केस मागे बांधले. खुर्ची वळवली. तिचा तळवा माझ्या हिरव्या कानावर आला.

"ऐक बे नंद्या..."

मी ऐकलं. पंचवीस वर्षं ऐकतो तसं.

जळणं काही जाणार नाही माझं, ते मी सोडून दिलंय. तुम्हाला मात्र एक विनंती. तुमच्याही घरी तो आला असेल, किंवा येईल. येऊ द्या, कामाचा आहे. पण त्याला विचारायच्या आधी एकदा आपली अडचण कोणाला तरी मोठ्याने, शेवटपर्यंत सांगा. उत्तर न देणाऱ्याला सांगा. घरात नंदी नसेल तर पाटा-वरवंटाही चालेल, मी रागावणार नाही. थोडासा रागावेन.

आणि बोडीला पाणी सुटतं त्या प्रत्येक सकाळी बकाराम काका अजूनही काठी टेकत एका बांधीपाशी जातात, जिथे त्यांना पत्रकाने बोलावलेलं नसतं. पुष्पांजली खिडकीतून पाहते आणि मग माझ्याकडे पाहते. त्यालाही तिने एकदा विचारलं, काका का जात असतील? त्याने पाच कारणं लिहून दिली. पाचही हुशारीची होती. खरं एकही नव्हतं.

खरं माझ्या उजव्या कानात आहे. ते मी त्याला सांगणार नाही, आणि तुम्हालाही नाही.